दाढीचा ब्रश घ्यायचाय, बॅजर, बोअर की सिंथेटिक? डोकं पिकलंय

निमूट_वाचक:

नमस्कार मंडळी. नेहमी नुसता वाचून जातो, धागा काढायची ही पहिलीच वेळ, सांभाळून घ्या. डब्यातला फोम सोडून दिलाय, आता सेफ्टी रेझर आणि ट्यूबमधलं क्रीम असं सुरू आहे. रेझरचं जमलं, पण ब्रशचं काही खरं नाही. सध्या जो आहे तो रेझरच्या किटमध्ये फुकट आलेला, त्यावर कंपनीचं नावही नाही. रोज तोंडावर तीन-चार केस चिकटलेले निघतात आणि गालावर फिरवला की खराट्याने अंगण झाडल्यासारखं वाटतं.

नवीन घ्यावा म्हणून शोधायला गेलो तर भलतंच प्रकरण निघालं. बॅजर म्हणजे म्हणे एका रानटी प्राण्याचे केस, त्यात प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप, मग टू-बँड थ्री-बँड, मग बोअर म्हणजे डुकराचे, मग घोडा, मग सिंथेटिक आणि सिंथेटिकचीच दहा नावं. वर नॉट किती एमएमचा, लॉफ्ट किती, टोकांचा आकार फॅन का बल्ब. अरे बाबांनो मला दाढी करायचीय, पूल नाही बांधायचा.

माझं सांगतो म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. दाढी रोज, सकाळी घाईत. केस राठ पण कातडी नाजूक, मानेवर लगेच लाल पुरळ उठतं. कामासाठी सारखं बाहेरगावी जावं लागतं. वाटीत फेस करायच्या भानगडीत पडत नाही, थेट गालावरच ब्रश फिरवतो. क्रीम आहेच, शिवाय कडक साबणाची एक वडी भेट आलीय, ती अजून उघडलेली नाही कारण या ब्रशने तिच्यावर ओरखडासुद्धा उठणार नाही. एकच ब्रश घ्यायचाय, चांगला घ्यायचाय आणि मग पुढची काही वर्षं या विषयावर विचार करायचा नाहीये. महाग तेवढा चांगला हे खरं का? सिल्व्हरटिपने खरंच फरक पडतो का? आणि तो लटकवायचा स्टँड घ्यावाच लागतो का?


खरखरीत_गाल:

स्वागत आहे. बाकी सगळं जमेल, ते 'पुढे विचार करायचा नाहीये' तेवढं अवघड आहे, या नादाला लागलेला माणूस एका ब्रशवर थांबलेला मी तरी बघितला नाही :)

सगळे केसांच्या जातीपासून सुरुवात करतात, मी उलटीकडून सांगतो. ब्रश हातात कसा चालणार हे आधी ठरतं ते नॉट किती जाड, केस मुठीबाहेर किती लांब आणि आत किती ठासून भरलेत यावर, कुठल्या प्राण्याचे हे त्यानंतर. नॉट म्हणजे केसांची ती जुडी, मुठीत बसते तिथला तिचा व्यास एमएममध्ये देतात. लॉफ्ट म्हणजे तिथून टोकापर्यंतची उंची. २४ चा नॉट ५० लॉफ्टला बसवला तर ब्रश ताठ उभा राहतो, तोच ६० ला बसवला की मान टाकतो, आणि जाहिरातीत मात्र दोन्हीकडे '२४ एमएम, सुपर सॉफ्ट' एवढंच. तुम्ही थेट गालावर फेस करता म्हणजे तुम्हाला ताठपणा लागणार, ज्याला सगळे बॅकबोन म्हणतात तो. लुळा ब्रश गालावर दाबला की आडवा होतो आणि सगळं क्रीम कुशीला लागून वाया जातं.

छापलेल्या लॉफ्टवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. नॉट बांधताना मुळाशी जो गोंद घालतात तो कधीकधी वर चढून केसांच्या आत घट्ट होतो, बाहेरून दिसत नाही. कोरडा ब्रश घ्या, केस मुळाशी चिमटीत धरा आणि चिमूट हळूहळू वर सरकवा. आधी टणक लागेल, मग एका जागी अचानक मऊ. तिथून पुढचेच केस वाकणार, तोच तुमचा खरा लॉफ्ट. ५५ लिहिलेल्या ब्रशचा मी असा जेमतेम ४५ भरलेला बघितलाय आणि मग माणसं म्हणतात हा ब्रश टोचतो, टोचणारच, वाकायला जागाच नाही.

आता बॅजर. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप ही उतरंड ऐकायला अगदी सरकारी शिक्क्यासारखी वाटते पण ती ठरवणारी कुठलीही संस्था नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने नाव देते आणि एकीचा 'सुपर' दुसरीच्या 'बेस्ट'पेक्षा हलका असू शकतो. ढोबळ मानाने प्युअर म्हणजे काळपट, जरा चरचरीत केस, आणि सिल्व्हरटिप म्हणजे ज्याची टोकं मुळातच पांढरट आणि बारीक असतात, मध्ये काळा पट्टा, खाली पुन्हा फिकट, त्यालाच थ्री-बँड म्हणतात. टू-बँडमध्ये वर पांढरं खाली काळं, हा साधारण जास्त ताठ असतो. ब्लीच करून पांढऱ्या केलेल्या टोकांचे ब्रशही सिल्व्हरटिप म्हणून खपवतात. ओळखायचं तर उजेडात धरून टोकं बघा. नैसर्गिक टोक निमुळतं होत जातं आणि रंग सगळीकडे सारखा नसतो, दुधाळ, पिवळसर असा मिसळलेला असतो. एकजात पांढराफेक आणि वरून कात्रीने सपाट केलेला दिसला तर ठेवून द्या. कापलेलं टोक कितीही महाग बॅजर असला तरी टोचणार, आणि वापरून वापरून मऊ होईल असंही नाही.

त्यामुळे 'महाग तेवढा चांगला' याचं उत्तर, एका पातळीपर्यंत हो, त्यापुढे तुम्ही मुठीचे, नावाचे आणि हाताने बांधलेल्या नॉटचे पैसे देता. त्यात वाईट काही नाही, हौसेला मोल नसतं, फक्त फेस जास्त होईल अशी आशा ठेवू नका.

तुमच्यासाठी माझं मत: सिंथेटिक, २४ एमएम, लॉफ्ट ५०-५२ च्या आसपास. का ते कोणीतरी विचारेलच, मग सांगतो.


वडीवाला:

मीच विचारतो, का?

गालभाऊंचा आदर आहे पण कडक वडी घरात आणि सल्ला सिंथेटिकचा? बोअर घ्या हो साहेब, बोअर. वडीवरून साबण उचलायचा तर डुकराच्या राठ केसाला तोड नाही. बॅजरवाले नाक मुरडतात कारण नवा बोअर त्यांनी दोनदा वापरून फडताळात टाकलेला असतो. नवा बोअर टोचतो, वास मारतो, फेस गिळून बसतो, सगळं मान्य. पण त्याची गंमत अशी की प्रत्येक केसाचं टोक हळूहळू फाटतं, एकाचे दोन-तीन धागे होतात, आणि खालचा दांडा मात्र तसाच राठ राहतो. म्हणजे टोकाला कापूस आणि खाली कणा. हे बॅजरमध्ये विकत घ्यायला जाल तर खिसा रिकामा होतो.

नवीन आणला की आधी शाम्पूने धुवा, मग रात्रभर पाण्यात टाका, वास बराच जातो. रोज वापरायच्या आधी तीन-चार मिनिटं भिजत ठेवायचा, हा केस पाणी पितो, प्यायल्याशिवाय मऊ पडत नाही आणि तहानलेला ठेवलात तर तुमच्याच फेसातलं पाणी ओढून घेतो, मग लोक ओरडतात की फेस बसला. दाढी झाली की पूर्ण वाळू द्यायचा. भिजणं आणि वाळणं या खेपांनीच टोकं फाटतात, नुसतं भिजवून काही होत नाही. महिना-दीड महिना कळ काढलीत की तो तुमचा होतो.

नावं हवी असतील तर इटलीची ओमेगा, १९३१ पासूनची, यांचा १००४९ नंबर म्हणजे सगळ्यांचा पहिला बोअर. लांब केस, मोठा नॉट, वाटीत फेस करायला झकास. पण तुम्ही गालावर करता तर पोर्तुगालच्या सेमोगचा १३०५ बघा, आखूड आणि आटोपशीर, चेहऱ्यावर हुकमी चालतो. दोन्ही बॅजरच्या मानाने पाण्याच्या भावात मिळतात. इटलीचीच झेनिथ पण छान बोअर बनवते.


पूर्ण_दाढी:

सर्वात स्वस्त पर्याय कोणी सुचवलाच नाही, दाढी करू नका.


निमूट_वाचक:

@पूर्ण_दाढी तो पर्याय घरच्यांनी फेटाळलाय :D

@वडीवाला बोअर मोहात पाडतोय पण सकाळी भिजत ठेवायला मी विसरणार हे नक्की. आणि प्रवासात ओला बोअर बॅगेत नेला तर चालतो का?


वडीवाला:

सकाळी उठल्या उठल्या मगात टाकायचा आणि आंघोळीला जायचं, आंघोळ होईपर्यंत ब्रश तयार. प्रवासात... खरं सांगायचं तर तिथे बोअर लंगडा पडतो. वाळायला पूर्ण दिवस घेतो, ओला डबीत कोंडला की कुबट वास धरतो. तेवढं सोडलं तर...


टॉवेल_खांद्यावर:

तेवढं सोडलं तर म्हणे, विचारणारा सारखा बाहेरगावी जाणारा आहे!

मी सिंथेटिकवाला. बोअर पाणी पितो, बॅजर केसांच्या मधल्या फटीत पाणी धरून ठेवतो, सिंथेटिक दोन्ही करत नाही. नळाखाली धरला, एकदा झटकला, झाला तयार. दाढी संपल्यावर पिळून टॉवेलवर दोन फटके मारले की निम्मा वाळलेला असतो आणि बॅगेत टाकेपर्यंत कोरडा. क्रीमही कमी लागतं, नखाएवढं घेतलं तरी दोन वेळा लावून उरतं, कारण आत काही मुरतच नाही.

लोकांच्या डोक्यात सिंथेटिक म्हणजे जुना नायलॉनचा ब्रश, जो टोचायचा आणि फेस सगळा मुठीवर ओघळायचा. तो जमाना गेला. आता पीबीटी नावाच्या प्लॅस्टिकचे तंतू वापरतात, त्यांची टोकं रसायनाने झिजवून निमुळती केलेली असतात, हात लावला तर फरक लगेच कळतो. त्यातही प्रकार आहेत. याकी कंपनीचा टक्सेडो, खाली काळा वर पांढरा, मऊ टोकाचा आणि नेमका ताठ, नवशिक्याला बहुतेक जण हाच सांगतात. जर्मनीच्या म्यूलेचा सिल्व्हरटिप फायबर, दिसायला हुबेहूब बॅजर, किंमतही थोडी बॅजरच्या दिशेने. ओमेगाचा एस-ब्रश म्हणून आहे तो मुद्दाम बोअरसारखा चरचरीत केलाय, वडीवाल्यांनी बघायला हरकत नाही. आणि प्लिसॉफ्ट नावाने जे मिळतात ते इतके मऊ असतात की चेहऱ्यावर काही फिरतंय हेच कळत नाही, मला ते आवडत नाहीत, कातडी नाजूक असलेल्यांना आवडतात.

दोष पण सांगतो, नाहीतर म्हणाल प्रचार करतोय. एक म्हणजे स्प्रिंगसारखा उसळतो. घाईत गोल गोल फिरवलात की आरशावर, नळावर, कानात सगळीकडे शिंतोडे. हात जरा सावकाश आणि रंगाऱ्यासारखा आडवा-उभा चालवावा लागतो. दुसरं म्हणजे ऊब धरत नाही. थंडीच्या दिवसांत गरम पाण्यात भिजलेला बॅजर गालावर टेकवला की जो आनंद मिळतो तो यात नाही, नाहीच.


बोटं_झिंदाबाद:

एक अडाणी प्रश्न. ब्रश पाहिजेच का? मी क्रीम बोटांनी फासतो, दाढी होते.


खरखरीत_गाल:

अडाणी अजिबात नाही. केस मऊ होतो तो पाण्याने, ब्रशने नाही. दोन-तीन मिनिटं चेहरा ओला राहिला की केस फुगतो आणि पातं हलकं चालतं, फेसाचं मुख्य काम ते पाणी केसाला चिकटवून ठेवायचं आणि पात्याखाली बुळबुळीत थर द्यायचा. ब्रशलेस क्रीम त्यासाठीच असतात, ती बोटांनीच लावायची. पण साध्या क्रीममध्ये किंवा साबणात पाणी नीट घोटलं जायला हवं, ते बोटांनी होत नाही, आणि हनुवटीखालचे आडवे झोपलेले केस उभे करायचं काम ब्रशच करतो.

आता माझा 'का' राहिलाय. वडीवाल्यांचा मुद्दा असा की वडीवर सिंथेटिक चालत नाही. चालतो. वडीवर दाढीच्या आधी चमचाभर पाणी ओतून ठेवा, ती वरून मऊ पडते. ते पाणी ओतून टाका, ब्रश झटकून जवळजवळ कोरडाच वडीवर फिरवा, अर्धा मिनिट तरी, टोकांवर दाट चिकट लेप आला पाहिजे. पांढरा पातळ फेस दिसायला लागला म्हणजे पाणी जास्त झालं. लेप गालावर घेऊन मग ब्रशची टोकं पाण्यात बुडवून थेंब थेंब पाणी वाढवत जा. आधी फेस मॅट दिसेल, बुडबुडे मोठे दिसतील, मग एका क्षणी तुकतुकी येते, बुडबुडे दिसेनासे होतात आणि ब्रश उचलला की फेसाचं टोक वाकतं. तिथे थांबायचं. हे ज्याला जमलं त्याला कुठलाही ब्रश चालतो, आणि ज्याला नाही त्याने सिल्व्हरटिप घेतला तरी तो ब्रशलाच शिव्या घालणार.


संयमी_पातं:

पुरळाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मानेवर लाल पुरळ उठतं तिथे ब्रश कुठला यापेक्षा किती घासता ते बघा. थेट गालावर फेस करणारे लोक मिनिट-मिनिट एकाच जागी गोल घासत बसतात, तेही ताठ ब्रशने, त्यातच वरची कातडी सोलवटते आणि मग रेझरला दोष. गालावर गोल, मानेवर फक्त वरून खाली हलका हात, एवढं करून बघा. तसंच केस कातडीत आत वळत असतील किंवा पिकलेले फोड असतील तर ती जागा ब्रशने चोळू नका, फेस बोटाने लावा. माझी कातडी अशीच आहे आणि ताठ बोअर मला झेपला नाही, मऊ टोकाचा सिंथेटिक चालतो. पण हे माणसागणिक बदलतं, आणि पुरळ कायमचंच असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, ब्रश बदलून बुरशीचं किंवा जंतूंचं दुखणं जात नाही.


जुनं_पान:

थोडं विषयांतर. प्राण्यांच्या केसांबद्दल कोणाला आक्षेप असेल तर माहिती असावी म्हणून. बोअरचे केस मांसासाठी मारलेल्या डुकरांचे, तो जोडधंदा आहे. घोड्याचे केस शेपटीचे आणि आयाळीचे, कापून घेता येतात, त्यासाठी प्राणी मारावा लागत नाही. बॅजरचं प्रकरण वेगळं. केस मुख्यतः चीनमधून येतात, २०१८ मध्ये पेटा या प्राणीहक्क संघटनेने तिथल्या बॅजर फार्मचे व्हिडिओ बाहेर काढले त्यानंतर काही विक्रेत्यांनी बॅजरचा माल बंद केला. ब्रिटनमध्ये तर तिथला बॅजर १९९२ च्या कायद्याने संरक्षित आहे. ज्याचं त्याने ठरवावं, मी फक्त सांगतोय.

घोड्याच्या ब्रशची एक जुनी गोष्टही आहे. पहिल्या महायुद्धात बॅजरच्या केसांची नेहमीची वाट बंद पडली, तेव्हा घोड्याचे केस रंगवून 'नकली बॅजर' ब्रश बनवले आणि ते नीट निर्जंतुक न करताच सैनिकांच्या आणि लोकांच्या हातात गेले. त्यातून अँथ्रॅक्स या जिवाणूंच्या घातक रोगाची लागण झाली, ब्रिटन आणि अमेरिका मिळून दोनशेहून जास्त रुग्ण झाले. त्यानंतर केस निर्जंतुक करायचे नियम आले. म्हणून नव्या ब्रशला घाबरायचं काही कारण नाही, पण जुन्या बाजारातला त्या काळातला पुरातन ब्रश हौसेने आणलात तर तो काचेच्या कपाटात ठेवा, गालावर नको. मूठ सुंदर असेल तर जुना नॉट काढून टाकून नवा बसवता येतो.


वडीवाला:

वा, हे माहीत नव्हतं. घोड्याचा ब्रश मी वापरलाय, स्पेनच्या व्ही-लाँगचा. बोअर आणि बॅजरच्या मध्ये कुठेतरी बसतो, बोअरएवढं भिजवावं लागत नाही, चरचर मस्त. पण केस एकमेकांत गुंततात, दाढीनंतर बोटाने विंचरून ठेवावा लागतो.


निमूट_वाचक:

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. आता मी सिंथेटिककडे ९०% झुकलोय. तीन शंका. २४ का २६? मूठ कुठली? आणि स्टँडचं राहिलंच. शिवाय इथलं पाणी जड आहे, साबणाचा पांढरा थर सगळ्यावर बसतो, ब्रशवर पण बसेल ना?


टॉवेल_खांद्यावर:

२४. २६ गालावर छान पसरतो पण नाकाखाली आणि ओठाच्या कडेला जाताना नाकपुडीत फेस जातो. मूठ म्हणाल तर दिसण्यावर जाऊ नका, ओला साबणाचा हात डोळ्यासमोर आणा. मध्ये कंबर असलेली, खाली रुंद, बोटं अडकतील अशी मूठ हवी. थेट गालावर करणाऱ्याला आखूड बुटकी मूठ बरी पडते, लांब मूठ मग किंवा वाटीत ढवळायला. पितळ-स्टीलच्या जड मुठी हातात भारी वाटतात पण फरशीवर पडल्या की फरशीचं काही खरं नाही. लाकडी मुठीवरचं पॉलिश पाण्याने तडकतं, मग लाकूड फुगतं आणि नॉटचा गोंद सुटतो. साधी रेझिनची घ्या.


खरखरीत_गाल:

२४ ला दुजोरा. सिम्पसन ही १९१९ पासूनची इंग्रज कंपनी आहे, त्यांचा चबी म्हणून प्रसिद्ध ब्रश आहे, जाडजूड आणि आखूड, फोटो बघून सगळे त्याच्या प्रेमात पडतात. ज्याने रोज घाईत दाढी करायची त्याने त्या वाटेला जाऊ नये. इतका ठासून भरलेला नॉट फेस आत धरून बसतो, तुम्ही पिळून पिळून बाहेर काढत बसता. रविवारी निवांत वेळ असेल तर गोष्ट वेगळी.

स्टँडची गरज नाही. लटकवल्याने पाणी खाली उतरून लवकर वाळतो असं म्हणतात, पण नीट पिळून झटकलेल्या ब्रशमध्ये उतरायला पाणीच उरत नाही. उभा ठेवा, हवा लागेल अशा जागी ठेवा, बंद कपाटात ओला ठेवू नका, झालं. स्टँड दिसतो छान, तेवढ्यासाठी घ्यायचा तर घ्या.

जड पाण्याचं बरोबर ओळखलंत, थर बसतोच. केस चिकट आणि निर्जीव वाटायला लागले, मुळाशी पांढरं दिसायला लागलं की समजायचं. आधी शाम्पूने धुवा, मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग कोमट पाणी असं करून त्यात केस पाच मिनिटं फिरवा, मूठ बाहेर. मग भरपूर पाण्याने धुवा. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. बॅजरला तर हे जास्तच लागतं. उकळतं पाणी कुठल्याच ब्रशला नको, गोंद सैल पडतो, केसही ठिसूळ होतात.

आणि एक, ज्याने जास्तीत जास्त ब्रश मरतात: दाबणं. फेस येत नाही म्हणून लोक ब्रश मुळापर्यंत वडीवर किंवा गालावर दाबून गरागरा फिरवतात. केस मुळाशी मोडतात, तेही मधलेच, आणि काही महिन्यांत वरून बघितलं की मधोमध खड्डा पडलेला दिसतो. मग 'केस गळतात, माल खराब' म्हणून तक्रार. नव्या ब्रशचे पहिल्या काही दाढ्यांना थोडे केस गळणं चालतं, बांधताना न अडकलेले सुटे केस ते. पण निघालेला केस हातात घेऊन बघा. अख्खा लांब असेल तर गोंदातून सुटलाय, तो कंपनीचा दोष, बदलून मागा. अर्धाच असेल तर तो तुमच्या हाताने मोडलाय. तुमच्या आत्ताच्या ब्रशचे केस तपासून बघा बरं, मला शंका आहे.


निमूट_वाचक:

आत्ता जाऊन बघितलं. बेसिनमध्ये दोन मिळाले, दोन्ही अख्खे, एकाच्या टोकाला पिवळा गोंद लागलेला आहे. म्हणजे माझा हात निर्दोष :)

२४ एमएमचा टक्सेडो, रेझिनची आखूड मूठ, लॉफ्ट ५० लिहिलंय. घेतो मागवून. आला की ती चिमटीची चाचणी करून खरा लॉफ्ट इथे टाकतो.


वडीवाला:

अभिनंदन. बोअर पुढच्या वेळी, थंडी पडली की परत या. तोपर्यंत वडी उघडून तिच्यावर कितीदा फिरवावा लागतो ते कळवा, वडीला बोअरच हवा हे माझं म्हणणं अजून मागे घेतलेलं नाही.


संयमी_पातं:

मानेचं पण कळवा. नवा ब्रश आला की नवं पातं आणि नवं क्रीम एकाच वेळी सुरू करू नका, नाहीतर पुरळ कमी झालं तरी कशाने झालं ते कळणार नाही.